न्यूमोनियाला ओळखणारा वैद्य : सर विल्यम ऑस्लर

ऑक्सफर्डमधील नॉरहॅम गार्डन्स येथील १३ क्रमांकाच्या घरात डिसेंबर १९१९ मध्ये सत्तर वर्षांचा एक वृद्ध अंथरुणाला खिळून होता. छातीत दुखणे, थांबता न थांबणारा खोकला, पुन्हा पुन्हा चढणारा ताप या लक्षणांचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. याच लक्षणांवर त्याने जगभरातील डॉक्टरांच्या दोन पिढ्यांना शिकवले होते. आपल्या आजाराची वाटचाल तो परक्या रुग्णाकडे पाहावे तशी तटस्थपणे पाहत होता आणि ती कोठे संपणार हेही त्याला उमगले होते. आधुनिक वैद्यकशिक्षणाचे शिल्पकार मानले जाणारे सर विल्यम ऑस्लर यांची ही अखेरची लढाई होती. प्रतिस्पर्धी मात्र जुनाच होता, न्यूमोनिया.

विल्यम ऑस्लर यांचा जन्म १२ जुलै १८४९ रोजी कॅनडातील बाँड हेड या आडवळणाच्या वस्तीत झाला. वडील अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक होते. मुलानेही तोच मार्ग धरावा अशी घरची अपेक्षा होती आणि १८६७ मध्ये टोरांटोच्या ट्रिनिटी कॉलेजात त्याने प्रवेश घेतला तोही याच इराद्याने. मात्र, शालेय वयातच जॉन्सन नावाच्या एका धर्मोपदेशक शिक्षकाने त्याला सूक्ष्मदर्शकाची गोडी लावली होती. डबक्यातील पाण्याच्या थेंबात दिसणारे जग त्याला अधिक खुणावू लागले. वर्षभरातच त्याने धर्मशास्त्र सोडून वैद्यकाची वाट धरली. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून १८७२ मध्ये तो डॉक्टर झाला. पुढे लंडन, बर्लिन आणि व्हिएन्ना येथे त्याने अध्ययन केले. लंडनमधील वास्तव्यात रक्तातील प्लेटलेट्सचे त्याने केलेले निरीक्षण हे या विषयावरील आरंभीच्या महत्त्वाच्या कामांत गणले जाते.

शवागारातील शाळा

१८७४ मध्ये मॅकगिलला परतलेले ऑस्लर पुढल्याच वर्षी प्राध्यापक झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे २६ होते. मॉन्ट्रियल जनरल हॉस्पिटलमध्ये पुढील काही वर्षांत त्यांनी जवळपास ८०० शवविच्छेदने केली. न्यूमोनियाशी त्यांची खरी ओळख झाली ती येथे.

निरोगी फुप्फुस हे स्पंजासारखे हलके असते. त्यात कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात आणि त्यांच्या पातळ भिंतींमधून प्राणवायू रक्तात शिरतो. न्यूमोनियात जंतूंचा शिरकाव झाल्यावर शरीर प्रतिकारासाठी पांढऱ्या पेशी आणि द्रव त्या ठिकाणी धाडते. परिणामी हवेसाठी असलेले कोश द्रवाने आणि पूने भरून जातात. शवविच्छेदनाच्या मेजावर असे फुप्फुस हाती घेतले तर ते जड, घट्ट, यकृतासारखे लागते. पाण्यात टाकले तर तरंगण्याऐवजी बुडते. रुग्ण धापा का टाकतो, ओठ निळे का पडतात, याचे उत्तर त्या बुडणाऱ्या तुकड्यात होते.

न्यूमोनिया म्हणजे छातीत साठलेली सर्दी किंवा थंड हवेचा दोष, ही समजूत तोवर सर्वत्र रुजलेली होती. तो फुप्फुसात होणारा जंतुसंसर्ग आहे, हे ऑस्लर यांच्या तरुणपणीच हळूहळू सिद्ध होत गेले. १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांना स्वतंत्रपणे न्यूमोकॉकस हा जिवाणू आढळला. १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी बर्लिनमध्ये जिवाणू रंगवण्याची आपली सुप्रसिद्ध पद्धत प्रसिद्ध केली, तीही न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसांचा अभ्यास करताना. ऑस्लर यांनी या ज्ञानाची सांगड रुग्णाच्या खाटेशी घातली. काही रुग्णांत न्यूमोनियाबरोबर हृदयाच्या आतील आवरणाचा आणि मेंदूच्या आवरणाचाही दाह आढळतो, हे त्यांनी नोंदवले. संसर्ग एका अवयवापुरता थांबतोच असे नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. या तिहेरी दुखण्याला आजही त्यांचे नाव जोडले जाते.

उपाय नाही, हे सांगण्याचे धैर्य

१८८४ मध्ये ऑस्लर फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले आणि १८८९ मध्ये बाल्टिमोरच्या नव्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे प्रमुख वैद्य झाले. वर्गात बसून व्याख्याने ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी वॉर्डात आणले. रुग्णाची कहाणी शांतपणे ऐकावी, श्वास मोजावा, छातीवर बोटांनी ठोकून आवाज भरीव येतो की पोकळ हे पाहावे, स्टेथोस्कोप लावून कान द्यावा आणि मगच मत बनवावे, असा त्यांचा शिरस्ता होता. रुग्णालयात राहून शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांची पद्धत तेथे रुजली आणि कालांतराने जगभर पसरली.

१८९२ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दुहेरी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी त्यांचा ग्रेस रिव्हियर ग्रॉस यांच्याशी विवाह झाला आणि वैद्यकाची तत्त्वे व व्यवहार सांगणारा त्यांचा बृहद्ग्रंथ प्रकाशित झाला. या ग्रंथाचे वैशिष्ट्य त्यातील माहितीइतकेच त्यातील प्रामाणिकपणात होते. त्या काळी रुग्णालयात दाखल होणाऱ्या न्यूमोनियाच्या चार-पाच रुग्णांमागे किमान एक दगावत असे. औषधांच्या याद्या मात्र लांबलचक होत्या. ऑस्लर यांनी त्या याद्यांना कात्री लावली. न्यूमोनिया आपल्या क्रमाने चालतो आणि आपल्या क्रमाने ओसरतो, त्याला थोपवणारे खात्रीचे औषध वैद्यकाकडे नाही, असे त्यांनी स्पष्टपणे लिहिले. उत्तम शुश्रूषा, मोकळी हवा, हलका आहार यांवर त्यांचा भर होता. ते सर्वस्वी काळाच्या पुढे होते असेही नाही. धडधाकट रुग्णाचे आजाराच्या आरंभी रक्त काढण्याच्या जुन्या उपचाराला त्यांनी ग्रंथात जागा ठेवली होती. आज तो उपचार पूर्णपणे कालबाह्य ठरला आहे.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर न्यूमोनियाने क्षयरोगालाही मागे टाकले, असे त्यांचे निरीक्षण होते. मृत्यूच्या सैन्याचे सेनापतिपद त्यांनी आता न्यूमोनियाला बहाल केले. त्याच वेळी, जर्जर वृद्धांना हा आजार तुलनेने लवकर आणि कमी यातनांनी सोडवतो, अशीही एक कटू नोंद त्यांनी केली.

एका वाचकाची अस्वस्थता

उपाय नाही, या कबुलीचा परिणाम ऑस्लर यांनी कल्पिलाही नसेल अशा ठिकाणी झाला. १८९७ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक गेट्स या गृहस्थांनी हा जाडजूड ग्रंथ वाचून काढला. गेट्स हे मूळचे धर्मोपदेशक आणि तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर यांचे सल्लागार होते. इतक्या थोर वैद्याकडे इतक्या थोड्या आजारांवर खात्रीचा इलाज असावा, याने ते अस्वस्थ झाले. वैद्यकीय संशोधनाला स्वतंत्र संस्था हवी, हा विचार त्यांनी रॉकफेलर यांच्या गळी उतरवला. १९०१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९१० मध्ये तिचे रुग्णालय सुरू झाले, तेव्हा अभ्यासासाठी निवडलेल्या मोजक्या आजारांत न्यूमोनियाला अग्रस्थान होते. रुग्णालयाचे पहिले संचालक रुफस कोल हे जॉन्स हॉपकिन्समध्येच घडलेले वैद्य होते.

दरम्यान, १९०५ मध्ये ऑस्लर ऑक्सफर्डला रीजियस प्राध्यापक म्हणून रुजू झाले. बाल्टिमोर सोडताना केलेल्या भाषणात, साठीनंतर माणसाचा फारसा उपयोग उरत नाही, अशी थट्टा त्यांनी केली आणि अमेरिकन वृत्तपत्रांनी ती खरी मानून गदारोळ केला. वस्तुतः त्यांचा स्वतःचा उत्साह साठीनंतरही तसूभर कमी झाला नाही. १९११ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. त्यांचे घर विद्यार्थी आणि पाहुण्यांसाठी सदैव उघडे असे. जुन्या वैद्यकीय ग्रंथांचा त्यांचा संग्रह वाढत वाढत हजारोंच्या घरात गेला.

मुलाचा मृत्यू

ऑस्लर दाम्पत्याचे पहिले मूल १८९३ मध्ये जन्मानंतर लगेचच दगावले होते. १८९५ मध्ये जन्मलेला रिव्हियर हा त्यांचा एकुलता एक आधार. वडिलांप्रमाणेच त्यालाही पुस्तकांचे वेड होते. पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात दाखल झाला. ऑगस्ट १९१७ मध्ये बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर तो तोफगोळ्याने जबर जखमी झाला. त्याला वाचवण्यासाठी धडपडणाऱ्या शल्यचिकित्सकांत ऑस्लर यांचे स्नेही हार्वी कुशिंग होते. प्रयत्न अपुरे पडले आणि ३० ऑगस्ट रोजी २१ वर्षांच्या रिव्हियरचा मृत्यू झाला. असंख्य कुटुंबांना धीर दिलेल्या या वैद्याच्या मनावर ही जखम कायमची राहिली. पाहुण्यांसमोर ते पूर्वीसारखेच हसतमुख असत, मात्र प्रकृती ढासळू लागली होती.

१९१८-१९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने जगभर कोट्यवधी बळी घेतले. त्यांतील बहुसंख्य मृत्यू फ्लूपाठोपाठ फुप्फुसात शिरलेल्या जिवाणूंमुळे, म्हणजेच न्यूमोनियामुळे झाले. जुलै १९१९ मध्ये ऑस्लर यांची सत्तरी साजरी झाली. सप्टेंबरच्या अखेरीस ते एका रुग्णाला तपासण्यासाठी ग्लासगोला गेले. त्याच वेळी ब्रिटनमध्ये रेल्वेचा संप झाला आणि त्यांना मोटारीने लांबचा, थंडीचा प्रवास करून परतावे लागले. प्रवासात जडलेल्या आजाराने अंथरूण धरायला लावले. थंडीने न्यूमोनिया होत नाही, जंतूंमुळे होतो, हे त्यांनी आयुष्यभर शिकवले होते. मात्र, थकलेल्या, शोकाने खचलेल्या शरीरात जंतूंना वाट मिळते, हेही त्यांना ठाऊक होते.

फुप्फुसाचा संसर्ग त्याच्या आवरणात उतरला आणि तेथे पू साठला. डिसेंबरमध्ये तो काढण्यासाठी शस्त्रक्रिया झाली. आपल्या शवविच्छेदनात काय सापडते ते पाहायला आपण नसू, याची रुखरुख त्यांनी मिश्किलपणे बोलून दाखवली. २९ डिसेंबर १९१९ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या शिस्तीला साजेसे शवविच्छेदनही झाले.

अपुऱ्या राहिलेल्या उत्तराचा प्रवास

ऑस्लर यांच्या कबुलीतून जन्मलेल्या संस्थेत ऑस्वाल्ड एव्हरी हे शास्त्रज्ञ १९१३ पासून न्यूमोकॉकसच्या मागे लागले होते. या जिवाणूभोवती साखरेच्या रेणूंचे कवच असते आणि त्या कवचावरून त्याचे प्रकार ठरतात, हे त्या प्रयोगशाळेतील कामातून १९२३ पर्यंत स्पष्ट झाले. १९२८ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी निरुपद्रवी न्यूमोकॉकसचे घातक प्रकारात रूपांतर होते, हे दाखवले. ते घडवणारा पदार्थ डीएनए आहे, असे एव्हरी, मॅक्लॉड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केले. आनुवंशिकतेच्या आधुनिक विज्ञानाचा पाया अशा रीतीने न्यूमोनियाच्या अभ्यासातून घातला गेला. इलाजही मिळाला. १९३८ मध्ये सल्फापिरिडिन हे औषध आले आणि १९४० च्या दशकात पेनिसिलिन. जिवाणूच्या कवचाचे ज्ञान पुढे लसीच्या कामी आले. भारतात न्यूमोकॉकसविरोधी लस २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर सार्वत्रिक लसीकरणात समाविष्ट झाली.

तरीही ऑस्लर यांनी ओळखलेला शत्रू पराभूत झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये पाच वर्षांखालील ७ लाख ४० हजारांहून अधिक बालके न्यूमोनियाने दगावली. जिवाणूंबरोबरच विषाणू आणि बुरशीमुळेही तो होतो. त्यामुळे प्रत्येक न्यूमोनियावर एकच औषध चालत नाही. तापाने फणफणलेल्या बाळाचा श्वास मिनिटभर मोजणे, ही आजही निदानाची पहिली पायरी आहे. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळात मिनिटाला ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास आढळले, तर ती धोक्याची खूण मानून तातडीने डॉक्टर गाठावा लागतो. त्यासाठी यंत्र लागत नाही. खाटेशेजारी बसून रुग्णाकडे नीट पाहावे लागते, आणि ऑस्लर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना नेमके तेच शिकवले होते.

त्यांचा ग्रंथसंग्रह त्यांच्या इच्छेनुसार मॅकगिल विद्यापीठाकडे गेला आणि १९२९ मध्ये तेथे ऑस्लर ग्रंथालय सुरू झाले. जेथे त्यांनी वैद्यकाचे धडे गिरवले, त्याच विद्यापीठात, आपल्या लाडक्या पुस्तकांच्या सान्निध्यात, पत्नी ग्रेस यांच्यासह त्यांच्या अस्थी विसावल्या आहेत.