आनंदाचे कवी, उदास मन

श्रावण लागला की मराठी माणसाला बालकवी आठवतात. शाळेत पाठ केलेल्या कवितांमुळे हा माणूस कायम आनंदात असावा, असे वाटते. प्रत्यक्षात त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना जेमतेम सत्तावीस वर्षांचे आयुष्य मिळाले आणि त्यात खिन्नता वारंवार डोकावत राहिली. मनाच्या आरोग्याच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्याकडे पाहण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशातल्या धरणगावात झाला. वडील पोलीस खात्यात असल्याने सतत बदल्या होत. गाव बदलले की शाळा आणि सोबतीही बदलत. त्यामुळे शिक्षण सलग झाले नाही. मात्र ओढे, शेते, पाखरे आणि आभाळ प्रत्येक गावात होते. पुढे हेच त्यांच्या कवितेत उतरले.

१९०७ मध्ये जळगावात पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने डॉक्टर आणि आवडीने वनस्पतिशास्त्रज्ञ असलेल्या कीर्तिकरांचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ पुढे १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सतरा वर्षांच्या ठोमऱ्यांची कविता ऐकून त्यांनीच त्यांना 'बालकवी' ही पदवी दिली. त्यानंतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या मुलाला अहमदनगरला आपल्या घरी नेले. लक्ष्मीबाई टिळकांनीही त्यांना मुलासारखी माया लावली. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांच्या आठवणी आहेत.

पुढे लग्न झाले, संसाराची जबाबदारी आली आणि पैशांची ओढाताण सुरू झाली. घरातले ताणही होते. याच काळात 'फुलराणी', 'औदुंबर' आणि 'निर्झरास' लिहिणाऱ्या हातून 'उदासीनता' आणि 'पारवा' यांसारख्या कविताही उतरल्या. त्यांना नैराश्याचा आजार होता का, हे आज सांगता येणार नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान कवितांवरून करणे योग्यही नाही. एवढे मात्र दिसते की मन खचलेले असतानाही त्यांची नजर बाहेरच्या लहानसहान गोष्टींवर ठरत होती. 'औदुंबर' अवघ्या आठ ओळींची आहे. झरा, पायवाट, शेतमळे, पाणी आणि काठावरचे एक झाड, एवढाच तिचा ऐवज.

अशा पाहण्याने मनात काय घडते, याचा अभ्यास अलीकडे झाला आहे. उदास मन तेच तेच विचार रवंथ केल्यासारखे घोळवत राहते. २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी काही निरोगी माणसांना नव्वद मिनिटे चालायला लावले. काही जण झाडे आणि गवताच्या परिसरात फिरले, तर काही वाहत्या रस्त्याच्या कडेने. हिरवळीत फिरलेल्यांचे असे विचार कमी झाले आणि त्यांच्याशी संबंधित मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली. त्याआधी, १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली.

निसर्गाची ही मदत खरी असली तरी तिला मर्यादा आहेत. बालकवींनाही ओढ्याकाठी विसावा मिळाला, पण उदासी परतून येत राहिली. आधार देणारी माणसे भेटली, तरी मनाच्या दुखण्यावर आजच्यासारखे उपचार त्या काळी नव्हते. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकापाशी रेल्वेखाली सापडून त्यांचा अपघाती मृत्यू झाला.

बालकवींना खानदेशातले ओढे लाभले. यंत्रमाग आणि गोदामांच्या भिवंडीत, टेमघरसारख्या भागात राहणाऱ्याला तसे रान कुठून मिळणार? पण त्यासाठी रानच हवे असे नाही. भिंतीच्या फटीतून वर आलेला पिंपळ, गॅलरीतल्या तुळशीची नवी पाने, पहिल्या सरीनंतरचा मातीचा वास, संध्याकाळी परतणारे बगळे हेही पुरते. रोज पाच-दहा मिनिटे मोबाइल बाजूला ठेवून यातली एकच गोष्ट नीट पाहावी. पानाचा रंग, कडा, त्यावरची मुंगी असे मनात टिपत जावे. लक्ष त्या पानावर असते तेवढा वेळ घोळणाऱ्या विचारांना फारशी जागा उरत नाही.

मात्र दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर फक्त झाडांवर भिस्त ठेवू नये. डॉक्टरांना भेटावे. सरकारच्या 'टेली मानस' या सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. जे बालकवींना मिळाले नाही, ते आज एका फोनवर मिळू शकते. झाडाखाली बसावे आणि गरज असेल तर तिथूनच तो फोनही करावा.