लक्ष्मीबाई टिळकांचे कागद

गगनबावड्यास पावसाळा लागला म्हणजे पेटींतील कागदांस बुरशी धरते. गेल्या पावसांत वडिलांचीं जुनीं पत्रें चुलीजवळ वाळवीत बसलों असतां आम्हांस लक्ष्मीबाई टिळकांची आठवण झाली. कारण लिहावयास उशिरां शिकलेल्या या बाईंनीं मागें ठेवलेली मोठी ठेव कागदांचीच आहे.

त्यांचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपूर येथें गोखल्यांच्या घरीं झाला. वडिलांचें सोंवळें असें कडक, कीं बाजारांतून आणलेलें मीठसुद्धां धुऊन घ्यावयाचें! धुतल्यावर उरत काय असेल, तें आमच्या भगिनींनींच सांगावें. बालपणींच नारायण वामन टिळकांशीं त्यांचा विवाह झाला, आणि लिहिणें-वाचणें त्या पतीच्या आग्रहानें शिकल्या.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. वाचकहो, एक माणूस उंबऱ्याच्या आंत व एक बाहेर, अशीं घरें आपल्या मंडळ्यांतही पुष्कळ होऊन गेलीं. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन आपल्या नातलगांत राहिल्या. दुःखानें त्यांची प्रकृति ढासळली, आणि त्याच विरहांत त्या कविता करूं लागल्या. चार-पांच वर्षांनीं त्या पतीकडे आल्या खऱ्या, पण लागलीच ख्रिस्ती झाल्या नाहींत. खाण्यापिण्याचा विटाळ त्यांनीं कांहीं काळ पाळला; टिळकांनीं तो पाळूं दिला. १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला तो स्वतःचें मन वळल्यावर. घाई करणाऱ्या उपदेशकांनीं (त्यांत आम्हीही आलोंच) हें प्रकरण सावकाश वाचावें.

९ मे १९१९ रोजीं टिळक वारले. प्रभूचें चरित्र गाणाऱ्या 'ख्रिस्तायन' काव्याचे दहा-अकरा अध्यायच त्यांच्या हातून झाले होते. अपुरें हस्तलिखित घरांत पडून राहावयाचें, असेंच कोणासही वाटलें असतें. परंतु शाळेचें तोंड न पाहिलेल्या विधवेनें त्यास आपले चौसष्ट अध्याय जोडले! पतीची विद्वत्ता त्यांच्यापाशीं नव्हती. स्वयंपाकघरांतील सोपी मराठी होती, आणि तीच पुरली. हा ग्रंथ १९३८ सालीं पुत्र देवदत्त यांनीं प्रसिद्ध केला. तो छापलेला पाहणें मात्र बाईंच्या नशिबीं नव्हतें.

'स्मृतिचित्रें' हें त्यांचें आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागानें निघूं लागलें. आपली फजिती त्या त्यांत हंसत सांगतात, पतीचा तापट स्वभावही झांकीत नाहींत. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिक येथें त्या निवर्तल्या. चौथा भाग छापून आला, तेव्हां लिहिणारी उरली नव्हती.