डिस्क ब्रेकचा जनक : फ्रेडरिक लँचेस्टर

हर्सूल टी पॉइंटवर सकाळी थोडा वेळ उभं राहिलं तरी मालाने भरलेल्या पिकअप गाड्या एकामागून एक जाताना दिसतात. फुलंब्री-सिल्लोडकडून माल भरायचा, चौक्याचा घाट ओलांडायचा आणि जाधववाडीच्या मार्केटला पोचायचं. मेकॅनिकलला असल्यामुळे माझी नजर आधी चाकांकडे जाते. जवळजवळ सगळ्यांना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक. आमच्या हॉस्टेलमध्ये यावर कायम वाद असतो. डिस्क चांगली तर मग मागे का नाही? कंपनी पैसे वाचवते, असं अर्ध्या जणांचं ठाम मत आहे. मला वाटतं, हा वाद घालण्याआधी ज्यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं त्या माणसाची गोष्ट माहीत असायला हवी.

फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनमध्ये झाला. वडील आर्किटेक्ट होते. फ्रेडरिक साउथॅम्प्टनला शिकले, नंतर लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या विज्ञान महाविद्यालयात गेले, पण पदवी न घेताच बाहेर पडले. (हे वाक्य कृपया घरी दाखवू नका!) १८८९ मध्ये ते बर्मिंगहॅमच्या एका गॅस इंजिन कारखान्यात नोकरीला लागले. तिथे त्यांनी इंजिनाचा वेग आटोक्यात ठेवणारा गव्हर्नर आणि इंजिन सुरू करणारा स्टार्टर अशी उपकरणं तयार केली.

त्या काळात मोटारगाडी म्हणजे घोडा काढलेली बग्गी आणि तिला बसवलेलं इंजिन, असाच प्रकार होता. लँचेस्टर यांना हे पटत नव्हतं. गाडीचा प्रत्येक भाग मुळापासून विचार करून बनवायचा, असं त्यांनी ठरवलं. १८९६ मध्ये त्यांची पहिली गाडी रस्त्यावर आली. चार चाकांची, पेट्रोलवर चालणारी आणि संपूर्ण ब्रिटिश बनावटीची ही पहिली गाडी मानली जाते. इंजिन एका सिलिंडरचं आणि फक्त पाच हॉर्सपॉवरचं होतं. ते कमी पडतं आणि थरथरतं, हे दिसल्यावर त्यांनी दोन सिलिंडरचं नवं इंजिन केलं. त्यात दोन क्रँकशाफ्ट एकमेकांच्या उलट दिशेने फिरत आणि एकमेकांची थरथर मारून टाकत. १८९९ मध्ये भावांना बरोबर घेऊन त्यांनी लँचेस्टर इंजिन कंपनी सुरू केली. एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला तंतोतंत बसला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आज आपण वर्कशॉपमध्ये गेज घेऊन हेच शिकतो, पण तेव्हा कारागीर प्रत्येक भाग कानस मारून बसवत असत.

आता ब्रेककडे येऊ. १९०२ मध्ये लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखं धरणारे जबडे. आजच्या कॅलिपरची मूळ कल्पना हीच. गंमत म्हणजे त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी ड्रम ब्रेकला आज ओळखू येईल असं रूप दिलं. म्हणजे आमच्या हॉस्टेलमधला वाद शंभर वर्षांपेक्षा जुना आहे.

पहिली फेरी ड्रमने जिंकली. कारण काय, तर धूळ! चकतीवर घासायला टिकाऊ अस्तर तेव्हा मिळत नव्हतं, म्हणून लँचेस्टर यांनी तांबं वापरलं. रस्ते कच्चे होते. चकती उघडी, त्यामुळे धूळ आणि कच थेट तिच्यावर बसायची आणि मऊ तांबं बघता बघता झिजून जायचं. कल्पनेत खोट नव्हती. ती पेलणारं मटेरियल अजून जन्माला यायचं होतं. ड्रममध्ये मात्र ब्रेक शू बंद डब्यात असतात, धुळीला आत शिरायला वाव कमी.

ड्रमचा दुसरा फायदा आपण थिअरीला शिकतो. ब्रेक दाबला की फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे कमी जोरात जास्त पकड मिळते. हँडब्रेकही सोप्या केबलने बसतो, खर्चही कमी. पण घाटात हाच बंद डबा नडतो. उतारावर सतत ब्रेक दाबला की उष्णता आत कोंडते, ड्रम तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो. पेडल खाली खाली जातं आणि गाडी मात्र थांबत नाही. यालाच ब्रेक फेड म्हणतात. डिस्क उघडी असल्यामुळे वारा तिला लवकर थंड करतो आणि तापल्यावर ती जाड होऊन पॅडकडेच सरकते.

मग पिकअपला पुढे डिस्क का, ते कळतं. ब्रेक मारल्यावर वजन पुढच्या चाकांवर येतं आणि जास्त काम त्यांनाच करावं लागतं. मागची गोष्ट मात्र अवघड आहे. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग इतका हलका असतो की जोरात ब्रेक लागला तर चाकं लॉक होऊन गाडी फिरू शकते. तीच गाडी भरली की मागच्या एक्सलवर भरपूर ओझं येतं. म्हणून बऱ्याच गाड्यांत मागे एक व्हॉल्व्ह असतो, जो ओझं बघून ब्रेकचं प्रेशर कमीजास्त करतो. माझं मत विचाराल तर कच्चा रस्ता, चिखल आणि मागच्या ब्रेकचं कमी काम बघता मागे ड्रम ठेवणं म्हणजे फक्त कंजूषपणा नाही. पण गाडीत ठरल्यापेक्षा जास्त माल भरला तर हा सगळा हिशोब कोलमडतो. म्हणून उतारावर खालचा गिअर टाकून उतरणारा ड्रायव्हर आपल्याइतकाच इंजिनिअर आहे, असं मी मानते.

लँचेस्टर यांच्याकडे ऑर्डर होत्या, पण भांडवल नव्हतं. १९०४ मध्ये कंपनी अडचणीत आली आणि तिची फेररचना झाली. पुढे फ्रेडरिक सल्लागार म्हणून काम करू लागले आणि गाड्यांची जबाबदारी भाऊ जॉर्ज यांच्याकडे गेली. याच लँचेस्टर गाड्या नंतर आपल्याकडच्या संस्थानिकांच्या आवडत्या झाल्या. ज्यांच्या नावाने रणजी ट्रॉफी खेळली जाते ते नवानगरचे जामसाहेब रणजितसिंह हेही त्यांचे गिऱ्हाईक.

विमानाच्या बाबतीतही तेच घडलं. समुद्रपक्ष्यांचं उडणं बघून त्यांनी पंखाला उचल कशी मिळते याचा सिद्धांत मांडला. १८९७ मध्ये तो निबंध नाकारला गेला. तेव्हा राइट बंधूंचं विमान उडायला अजून सहा वर्षं होती. लँचेस्टर यांनी १९०७ आणि १९०८ मध्ये यावर दोन ग्रंथ लिहिले. पुढे जर्मनीच्या प्रांटल यांनी याच विषयाचं गणित पक्कं केलं आणि आज तो सिद्धांत दोघांच्या नावाने ओळखला जातो. १९२२ मध्ये लँचेस्टर रॉयल सोसायटीचे फेलो झाले. इंजिनाची थरथर मारणारा त्यांचा बॅलन्स शाफ्ट १९७० च्या दशकात मित्सुबिशीने पुन्हा वापरात आणला.

शेवटची वर्षं मात्र कष्टात गेली. लाउडस्पीकर बनवण्याचा धंदा टिकला नाही, पैशांची चणचण होती, पार्किन्सनचा आजार जडला आणि नजरही गेली. ८ मार्च १९४६ रोजी बर्मिंगहॅम इथे त्यांचं निधन झालं.

बरोबर सात वर्षांनी, १९५३ मध्ये, डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने ल मॉंची २४ तासांची शर्यत जिंकली. तोपर्यंत चांगली अस्तरं आली होती आणि रस्ते सुधारले होते. १९५५ मध्ये सिट्रोएन डीएस ही गाडी डिस्क ब्रेक घेऊन मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. तिला पुढे डिस्क होत्या आणि मागे ड्रम. म्हणजे आपल्या पिकअपसारखीच मांडणी!

आज आपल्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाळूजच्या एमआयडीसीत, दुचाकींचे डिस्क ब्रेक तयार होतात. आपल्यातले काही जण ट्रेनिंगला आणि पुढे नोकरीला तिथेच जातील. तिथे हातात पॅड आला तर तो एकदा नीट बघा. लँचेस्टर यांच्याकडे चकती होती, जबडे होते, गणितही होतं. नव्हतं ते फक्त या एवढ्याशा पॅडवरचं मटेरियल.