अंगणात भरलेली शाळा : ताराबाई मोडक

सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुका द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. या द्राक्षांपासून बेदाणा तयार होतो. उर्दूत तुम्ही त्याला किशमिश म्हणता. द्राक्षबागेत कामाची घाई सुरू झाली, की मजूर आईवडील भल्या सकाळीच बागेत जातात. मग त्यांची तीन-चार वर्षांची मुले कुठे जातात? बरीच मुले गावातल्या अंगणवाडीत जातात. तेथे ती गाणी म्हणतात, गोल करून खेळतात, मातीची फळे करतात आणि दुपारी एका ओळीत बसून जेवतात. तुमचा धाकटा भाऊ किंवा बहीणही अशाच एखाद्या अंगणवाडीत जात असेल. कदाचित तुम्ही स्वतःही गेला असाल.

अंगणवाडी हा शब्द आता इतका ओळखीचा झाला आहे, की तो कोठून आला हे कोणी विचारत नाही. अंगण म्हणजे घरापुढची मोकळी जागा. उर्दूतही आंगन हा शब्द आहेच. पण शाळा घरापुढच्या अंगणात का भरवावी लागली? त्यामागे एका बाईंच्या आयुष्यभराच्या कष्टांची कथा आहे. त्या बाई म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. प्रार्थना समाजातील मंडळी जातिभेद मानत नसत आणि मुलींना शिकवावे असा त्यांचा आग्रह असे. त्या काळात मुली फारशा शाळेत जात नव्हत्या. ताराबाई मात्र महाविद्यालयापर्यंत पोहोचल्या आणि १९१४ साली बी.ए. झाल्या.

पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. काही वर्षांतच पतिपत्नी वेगळी झाली. लहान मुलगी पदरात आणि पुढचा सगळा मार्ग एकटीने चालायचा! आज वाचताना ही गोष्ट साधी वाटेल. परंतु शंभर वर्षांपूर्वी पतीपासून वेगळ्या राहणाऱ्या स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असेल, याची कल्पना करा. ताराबाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात प्राचार्याची नोकरी धरली. एका भारतीय स्त्रीला असे पद मिळणे ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती. पगार चांगला होता, मान होता.

तरीही त्यांनी ती नोकरी सोडली. जवळच भावनगर येथे दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती. तेथे गिजुभाई बधेका नावाचे एक शिक्षक लहान मुलांचे बालमंदिर चालवत होते. गिजुभाई आधी वकील होते. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचारातून ते शिक्षणाकडे वळले आणि मग वकिली विसरले. त्यांच्या बालमंदिरात छडी नव्हती, शिक्षा नव्हती, पहिला-दुसरा क्रमांकही नव्हता. ताराबाई तेथे गेल्या आणि गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. १९२६ साली दोघांच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघ ही संस्था स्थापन झाली. शिक्षणपत्रिका या मासिकातून हे नवे विचार पालकांपर्यंत व शिक्षकांपर्यंत पोहोचू लागले.

येथे थोडे थांबून मारिया माँटेसरी यांची ओळख करून घेतली पाहिजे. त्या इटलीतील डॉक्टर होत्या. १९०७ साली त्यांनी रोम शहरात गरीब वस्तीतील लहान मुलांसाठी एक शाळा काढली. मूल स्वतःच्या हातांनी काम करत शिकते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या पद्धतीत लाकडी ठोकळे, दट्ट्या, मण्यांच्या माळा अशी अनेक साधने असतात. मूल एक साधन उचलते, आपल्या आसनावर बसते आणि एकटेच त्यात रमून जाते.

गिजुभाई व ताराबाई यांना ही पद्धत फार आवडली. पण त्यांनी ती आहे तशी उचलली नाही. मूल एकट्याने काम करायला शिकते ते ठीक. पण आपल्याकडची मुले तर गोष्टी ऐकत, गाणी म्हणत, घोळक्याने खेळत वाढतात. म्हणून भावनगरच्या बालमंदिरात गोष्टी आल्या, नाटके आली, लोकगीते आली, गरबा आला, अंगणातले खेळ आले. एकट्याच्या आसनाबरोबर सगळ्यांचा गोलही आला. माझ्या मते, ताराबाईंच्या पुढच्या साऱ्या कामाचे बीज या गोलातच होते.

गोलात बसून मूल काय शिकते? तुमच्याच ओळखीचा एक खेळ घेऊ. मराठी मुले त्याला रुमालपाणी म्हणतात. उर्दू बोलणारी मुले कोडा जमालशाही म्हणतात. सगळे गोल करून बसतात. एक जण रुमाल घेऊन बाहेरून धावतो आणि हळूच कोणाच्या तरी मागे तो टाकतो. या एवढ्याशा खेळात बरेच काही घडत असते. आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. मागे वळून चोरून पाहायचे नाही, हा नियम कोणी पाहत नसतानाही पाळावा लागतो. राज्य आले तर ते न रुसता घ्यावे लागते. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे रुमाल कोणाच्या मागे टाकायचा, हे ठरवावे लागते. मुले बहुधा आपल्या मित्राच्याच मागे टाकतात. एखादे मूल असे असते, की त्याच्या मागे रुमाल कधीच पडत नाही. त्याचे कपडे मळके असतात, किंवा त्याची बोली वेगळी असते, किंवा ते नवीनच आलेले असते. चांगल्या शिक्षिकेच्या हे लगेच लक्षात येते. ती उपदेश करत नाही. ती त्या मुलाच्या हातात रुमाल देते आणि खेळ त्याच्यापासून सुरू करते.

चित्र काढण्याचेही तसेच आहे. प्रत्येकाला वेगळी रंगपेटी दिली, तर प्रत्येक जण आपल्या कागदावर वाकून बसतो. पण चार मुलांत गेरूची एकच वाटी ठेवली, की मागणे, देणे, थांबणे आणि सांडले तर मिळून पुसणे, हे सगळे आपोआप सुरू होते. भांडणेही होतात. ती व्हायचीच. भांडण झाल्यावर पुन्हा त्याच वाटीकडे यावे लागते, हे महत्त्वाचे.

ताराबाई पुढे मुंबईस आल्या. १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाले. शाळा चांगली चालली. परंतु ताराबाईंच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. अशा शाळांत शहरातील खाऊनपिऊन सुखी घरांतील मुलेच येत होती. साधने महाग होती, फी द्यावी लागत होती. देशातील बहुसंख्य मुले तर खेड्यांत होती. त्यांच्यासाठी काय? महात्मा गांधींच्या शिक्षणविचारांनीही हाच प्रश्न त्यांच्यापुढे उभा केला होता.

१९४५ साली ताराबाई बोर्डी या गावी गेल्या. बोर्डी हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. त्या वेळी ताराबाईंचे वय त्रेपन्न होते. या वयात माणसे आवरते घेऊ लागतात. ताराबाईंनी मात्र नव्याने आरंभ केला. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि थोड्याच महिन्यांत त्या विधवा झाल्या. पुढे त्या जिद्दीने शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. गुरू आणि शिष्या अशी ही जोडी शेवटपर्यंत टिकली.

बोर्डीत महाग साधने आणायची कोठून? ताराबाईंनी गावाकडेच पाहिले. किनाऱ्यावर शिंपले होते, वाळू होती. ओढ्यात गोटे होते. झाडाखाली चिंचोके, बिया, पाने, फुले पडलेली होती. गोटे लहान-मोठे लावून मोजणी शिकता येत होती. शिंपल्यांची नक्षी मांडता येत होती. पाने ओवून तोरण करता येत होते. इटलीतील लाकडी ठोकळ्यांचे काम अशा रीतीने झाडाच्या बिया करू लागल्या. शिवाय ही साधने हरवली तर कोणी रागावणारे नव्हते.

पण साधनांपेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. बालवाडी गावात भरत असे आणि दलित वस्तीतील मुले तेथपर्यंत येत नसत. अस्पृश्यतेचा काळ होता. ती मुले आपल्या मुलांशेजारी बसतील, त्यांचा हात धरतील, ही कल्पनाही तेव्हा अनेकांना सहन होत नसे. आणि ज्यांना पिढ्यान् पिढ्या दूर ठेवले, त्यांना आपल्या मुलांना तेथे पाठवण्याचा धीर कसा व्हावा? शाळेचे दार उघडे ठेवले म्हणजे सगळे आत येतात, असे नसते.

तेव्हा ताराबाईंनी ठरवले, की मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घ्यायचे, मुलांना गोळा करायचे, त्यांचे हातपाय धुऊन द्यायचे आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. आया दारात उभ्या राहून पाहत. अंगणात भरणारी बालवाडी म्हणून तिचे नाव पडले अंगणवाडी.

१९५७ साली ताराबाईंनी आपले काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर नेले. हा वारली आदिवासींचा भाग. येथे अडचणींचे रूप बदलले. मुले सकाळीच गुरे चारायला जात. मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन सांभाळत. मग शाळेत येणार कोण? पुन्हा तेच उत्तर. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तान्हे मूल पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण वर्गात. या प्रयोगाला विकासवाडी असे नाव होते.

वारली लोकांची कला तुम्ही चित्रांत पाहिली असेल. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली छोटी छोटी माणसे. मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती एकमेकांना धरून नाचणाऱ्यांची साखळी. ज्या लोकांच्या भिंतीवर असा गोल आधीपासूनच होता, त्यांच्या मुलांना मिळून खेळायला नव्याने शिकवण्याची गरज नव्हती. त्यांना हवी होती ती त्या गोलाचा मान राखणारी शाळा.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताई त्यानंतरही कोसबाडलाच काम करत राहिल्या. १९९२ साली त्याही गेल्या.

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने लहान मुलांसाठी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले आणि ते मराठी मुलखाबाहेर देशभर पोहोचले. या योजनेत आहार, लसीकरण आणि वजन यांची नोंद ठेवावी लागते. भुकेल्या मुलाला आधी खाऊ घालावे हे खरेच. मात्र त्या धांदलीत कधी कधी खेळाची वेळ कमी पडते, हेही कबूल केले पाहिजे.

तरी तासगावच्या बाजूला एखाद्या सकाळी अंगणवाडीपुढे उभे राहिलात, तर गोल केलेला दिसेल. त्यात बागायतदाराचा मुलगा असेल, बागेत मजुरीला आलेल्या बाईची मुलगी असेल आणि घरी उर्दू बोलणारे, मराठीचे दोन-चारच शब्द येणारे एखादे मूलही असेल. कोणीतरी रुमाल घेऊन बाहेरून धावत असेल. धाकट्या भावंडाला आणायला जाल तेव्हा जरा थांबा आणि तो रुमाल कोणाच्या मागे पडतो, ते पाहा.