लिलियन गिल्ब्रेथ

लिलियन मोलर गिल्ब्रेथ (२४ मे १८७८, ओकलंड, कॅलिफोर्निया – २ जानेवारी १९७२, फिनिक्स, ॲरिझोना) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व औद्योगिक अभियंता होत्या. स्वयंपाकघराच्या शास्त्रीय मांडणीसाठी त्या ओळखल्या जातात.

जीवन

१९०४ मध्ये त्यांचा विवाह फ्रँक गिल्ब्रेथ यांच्याशी झाला. कामातील हालचाली व त्यांना लागणारा वेळ यांवर दोघांनी मिळून संशोधन केले. १९२४ मध्ये फ्रँक यांचे अकस्मात निधन झाले आणि अकरा मुलांचा भार लिलियन यांच्यावर पडला. त्यातच स्त्री सल्लागार नको म्हणून अनेक उद्योगांनी त्यांना काम नाकारले. तेव्हा स्त्रियांचे मानले जाणारे घर हेच क्षेत्र त्यांनी संशोधनासाठी निवडले.

कार्य

१९२९ मधील त्यांच्या नमुना स्वयंपाकघरात शेगडी, ओटा व साठवणीची जागा जवळजवळ आणल्याने गृहिणीच्या येरझाऱ्या कमी झाल्या. ओट्याची उंची काम करणाऱ्या व्यक्तीच्या उंचीनुसार असावी, असे त्यांचे मत होते. पायाने उघडणाऱ्या कचरापेटीचे श्रेयही त्यांना दिले जाते. पुढे हृदयविकार व अपंगत्व असलेल्या गृहिणींसाठी त्यांनी कमी श्रमाची स्वयंपाकघरे आखली. १९३५ मध्ये त्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर १९६५ मध्ये निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री होत.