विश्लेषण : शाळकरी मुलांच्या कामाचे तास कायद्यात कसे आले? नारायण मेघाजी लोखंडे यांचे योगदान काय?

सुट्टीत दुकानात काम करणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला किती तास राबवता येते, याचे उत्तर आज कायद्यात आहे. त्याची सुरुवात मुंबईच्या कापड गिरण्यांतून झाली.

लोखंडे कोण होते?

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म 1848 मध्ये ठाण्यात झाला. मूळ गाव खेड तालुक्यातील कन्हेरसर. रेल्वे व टपाल खात्यातील नोकरीनंतर ते मांडवीच्या एका गिरणीत भांडारपाल झाले. तेथे त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले. महात्मा फुले यांचे सहकारी असलेल्या लोखंडेंनी 1880 पासून मुंबईतून ‘दीनबंधु’ चालवले.

तेव्हाचा कायदा काय होता?

1881 च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात मनाई केली. सात ते बारा वयोगटाला मात्र रोज नऊ तास काम करता येई. मोठ्यांच्या तासांवर तर मर्यादाच नव्हती.

बदल कसा झाला?

1884 मध्ये लोखंडेंनी सभा घेऊन साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. रविवारची सुट्टी, दुपारची विश्रांती आणि वेळेवर पगार या त्यातील मागण्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या कारखाना आयोगाच्या कामातही लोखंडे सहभागी होते. पाठोपाठ 1891 चा कायदा आला. किमान वय नऊ झाले. नऊ ते चौदा वयोगटासाठी सात तासांची मर्यादा आली. 1897 मध्ये प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना लोखंडेंचे निधन झाले.

आजचा नियम काय?

2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे गुन्हा आहे. शाळा सांभाळून कुटुंबाच्या व्यवसायात मदत आणि बालकलाकार, एवढेच अपवाद. त्यातही काम धोकादायक नसावे. चौदा ते अठरा वयोगटाला खाणी, स्फोटके व धोकादायक प्रक्रिया वर्ज्य आहेत. अन्यत्र सलग तीन तासांनंतर तासभर विश्रांती, विश्रांतीसह एकूण सहा तास आणि आठवड्याची सुट्टी बंधनकारक. सायंकाळी सात ते सकाळी आठ काम नाही आणि जादा तासही नाहीत. नियम मोडणाऱ्या मालकाला शिक्षा होऊ शकते. मुलाला कामावर पाठवण्यापूर्वी पालकांनी एवढे तरी विचारून घ्यावे.