अस्सल की नक्कल? औंधचे चित्रकार राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी



आमची सहल औंधला गेली होती. मूळपीठाच्या डोंगरावरचे श्रीभवानी संग्रहालय बघताना आमच्यातल्या एकाने गुरुजींना विचारले, की ही चित्रे अस्सल आहेत का कुणी बघून काढलेली? आम्ही सगळे फिदीफिदी हसलो. गुरुजी मात्र हसले नाहीत. हा प्रश्न फार चांगला आहे, ज्यांनी हे संग्रहालय उभारले त्यांचे चरित्र वाचा म्हणजे उत्तर सापडेल, असे ते म्हणाले. आम्ही वाचले, आणि जे समजले ते इथे लिहिले आहे.

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म 24 ऑक्टोबर 1868 रोजी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि 1909 साली औंधच्या गादीवर बसले. संस्थान अगदी छोटे, 72 गावांचे, आणि तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेले. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल हे भाग सांगली जिल्ह्यात आहेत. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ याच राजांनी दिला. तीच आजची किर्लोस्करवाडी.

राजेसाहेब रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि प्रजेलाही घालायला लावायचे, हे आपल्या आजोबा-पणजोबांनाही ठाऊक होते. पण त्यांचा दुसरा नाद चित्रांचा. ते स्वतः चित्रे काढत. 1916 साली त्यांचे चित्ररामायण प्रसिद्ध झाले. राजा रविवर्मा, धुरंधर अशा नामवंतांची चित्रे त्यांनी जमवली. परदेशातल्या थोर चित्रांच्या नकलाही मिळवल्या.

आता कुणी म्हणेल, राजाजवळ पैसा होता, मग नकला कशाला? त्याचे उत्तर अजिंठ्यात आहे. तिथली भिंतीवरची चित्रे शेकडो वर्षांची. ओल, वटवाघळे आणि माणसांचे हात यांनी ती झडू लागली होती. रॉबर्ट गिल या साहेबाने 1844 पासून कित्येक वर्षे खपून त्यांच्या नकला केल्या. त्या लंडनला नेल्या आणि 1866 साली तिथल्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स साहेबांनी विद्यार्थी नेऊन 1872 पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ 1885 च्या आगीत गेल्या. म्हणजे भिंतीवरचे अस्सल झडत चाललेले आणि नक्कल दोनदा जळालेली! बाळासाहेब स्वतः चित्रकार बरोबर घेऊन अजिंठ्याला गेले आणि नकला करून घेतल्या. 1932 साली त्यांनी अजिंठ्यावर पुस्तकही काढले. खेड्यातल्या माणसाला ना अजिंठा परवडतो ना विलायत. त्याला ती कला इथेच बघायला मिळावी, म्हणून 1938 साली संग्रहालय उभे राहिले.

जुने चित्र अस्सल की नक्कल हे कसे ओळखतात, तेही आम्ही विचारून घेतले. जाणकार माणूस चित्र पुढून बघतो तसे मागूनही बघतो. कापड किती जुने, चौकटीचे लाकूड कसले, रंगाला बारीक भेगा पडल्यात का, सही कुणाची, विकत घेतल्याचा कागद आहे का, हे सारे तपासतो. रविवर्म्यांनी 1894 साली छापखाना काढला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. तसले चित्र हातात आले तर भिंग लावून बघा. छापील असेल तर रंगाचे ठिपके ठिपके दिसतात. हाताने रंगवलेल्यात कुंचल्याचे फटकारे दिसतात.

अस्सल शोधण्याचे सर्वांत मोठे काम मात्र त्यांनी चित्रात नव्हे, ग्रंथात करवले. हाताने पोथ्या उतरवताना शेकडो वर्षांत महाभारतात नवे नवे श्लोक घुसले होते. सर्वांत जुना पाठ कोणता ते शोधायला बाळासाहेबांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेला एक लाख रुपये देऊ केले. 1919 साली काम सुरू झाले. पंडितांनी 1,259 हस्तलिखिते पाहिली, ओळ ओळ ताडून बघितली. ते काम 1966 साली पुरे झाले. पण ते बघायला राजे नव्हते. 13 एप्रिल 1951 रोजीच ते वारले होते.

त्याआधी त्यांनी आणखी एक मोठी गोष्ट केली. 1939 साली, गांधीजींच्या सल्ल्याने, त्यांनी राज्यकारभार लोकांच्या हाती दिला. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची उघडी वसाहत निघाली. तिथे कैदी भिंतीवाचून राहत आणि शेती करत. 1948 साली संस्थान विलीन झाले. गादी गेली, पण डोंगरावरची चित्रे राहिली. ती आपण आजही बघतो.

तर आमच्या त्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर असे, की औंधला अस्सलही आहे आणि नक्कलही आहे. नक्कल करणे हा गुन्हा नाही. नकलेला अस्सल म्हणून सांगणे ही मात्र लबाडी. नक्कल नक्कल म्हणूनच दाखवली, तर ती अस्सलाची आठवण जपते.

पालकांना एक विनंती. आपल्या घरात आजीचा, पणजोबांचा जुना फोटो भिंतीवर असेल. मागच्या बाजूला नाव, गाव आणि साल आजच लिहून ठेवा. सांगणारे माणूस गेले की तो फोटो कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही. आमच्या वर्गातल्या चौघांच्या घरी असे फोटो निघाले. त्यातल्या दोघांची नावे आजीने सांगितली, ती आम्ही लगेच लिहिली. उरलेले दोन कोणाचे, ते आता सांगणारे कुणी नाही.